संगणक-शंका : मदरबोर्ड बदलल्यावर जुने विंडोज चालेल का?

प्रश्न : सांगली येथे माझा डीटीपी आणि छपाईचा लहानसा व्यवसाय आहे. आमच्या संगणकात एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर असून बोर्डावरील यूएसबी पोर्ट एकेक करून बंद पडत आहेत. एच६१० चिपसेटचा बोर्ड आणि बाराव्या पिढीचा आय३ प्रोसेसर घेण्याचे मी ठरवले आहे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घेणार नाही. दुकानदार म्हणतात की, फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकावेच लागेल. परंतु आमचे मराठी फॉन्ट, डीटीपीची जुनी सॉफ्टवेअर आणि टॅली ही सगळी जुळणी पुन्हा करणे अवघड आहे, आणि काहींच्या सीडी आता सापडतही नाहीत. विंडोज १० असलेली सध्याची एसएसडी डिस्क तशीच नव्या बोर्डाला जोडली तर चालेल का?

उत्तर : दुकानदारांचा सल्ला एके काळी बरोबर होता. विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ असलेली डिस्क वेगळ्या चिपसेटच्या बोर्डाला जोडली, की डिस्क कंट्रोलरचा योग्य ड्रायव्हर (उपकरण चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) सुरुवातीलाच न मिळाल्यामुळे निळा पडदा येऊन संगणक तेथेच थांबत असे. विंडोज १० मध्ये सर्वसाधारण ड्रायव्हरांचा मोठा साठा आधीपासून असतो आणि बोर्ड बदलल्याचे ओळखून ते पहिल्याच सुरुवातीला नवी जुळणी स्वतः करते. त्यामुळे आपली डिस्क चालण्याची शक्यता चांगली आहे. मात्र काही महत्त्वाच्या गोष्टी डिस्कवर नसून बोर्डावर असतात, किंवा बोर्डाशी बांधलेल्या असतात, आणि त्या सोडवण्याचे काम जुना बोर्ड चालू असतानाच करता येते. म्हणून यूएसबी पोर्ट पूर्ण बंद पडण्याची वाट पाहू नये.

पहिली आणि आपल्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे संगणक सुरू होण्याची पद्धत. एच८१ बोर्डांच्या काळात जोडलेल्या अनेक संगणकांत विंडोज जुन्या, म्हणजे लेगसी बायोस (विंडोजच्या आधी संगणक सुरू करणारा बोर्डावरील प्रोग्राम) पद्धतीने टाकलेले असते आणि डिस्कची विभागणी एमबीआर या जुन्या प्रकारची असते. आपण घेत असलेल्या प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्सला ही जुनी पद्धत चालत नाही; तेथे त्यांच्या जागी आलेली यूईएफआय पद्धत आणि जीपीटी विभागणीच लागते. डिस्क जशीच्या तशी जोडली, तर नवा बोर्ड तिला ओळखेल, परंतु तिच्यावरून सुरू होणार नाही, आणि मग दोष विंडोजचा समजून फॉरमॅट मारला जाईल. आपल्याकडे काय आहे ते पाहण्यासाठी ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ या ओळीपुढे ‘लेगसी’ आहे की ‘यूईएफआय’, ते तपासावे.

‘लेगसी’ दिसल्यास घाबरण्याचे कारण नाही. विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०३ या आवृत्तीपासून एमबीआर-टू-जीपीटी हे साधन आहे (आज्ञा लिहिताना मधला ‘टू’ हा २ या अंकाने लिहितात), आणि ते डिस्कवरील माहिती न पुसता विभागणी बदलते. प्रत्यक्ष बदल करण्याआधी त्यातील पडताळणीची आज्ञा अवश्य चालवावी. डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्राथमिक विभाग असतील किंवा विस्तारित विभाग असेल, तर हे साधन काम नाकारते. आपल्याकडे एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ असे तुकडे पाडण्याची पद्धत जुनी आहे, आणि त्यांतील शेवटचे तुकडे बहुधा विस्तारित विभागातच असतात. तसे असल्यास त्यांतील मजकूर दुसऱ्या डिस्कवर हलवून ते विभाग काढून टाकावे लागतील. रूपांतर झाल्यावर बायोसमध्ये जाऊन जुन्या बोर्डालाही यूईएफआय पद्धतीवर आणावे आणि संगणक जुन्याच बोर्डावर एकदा सुरू करून पाहावा. एच८१ बोर्डांना यूईएफआय पद्धत चालते, त्यामुळे ही चाचणी तेथे सहज करता येते. येथे सर्व सुरळीत झाले, तर अर्धे काम झाले असे समजण्यास हरकत नाही.

बायोसमध्ये गेलाच आहात तर साटा कंट्रोलर (डिस्क बोर्डाला जोडणारा भाग) ‘एएचसीआय’ पद्धतीवर आहे ना, तेही पाहावे. तो जुन्या ‘आयडीई’ पद्धतीवर असेल तर थेट बदलू नये, कारण मग निळा पडदा येण्याची शक्यता असते. आधी विंडोजच्या ‘एमएसकॉन्फिग’ या साधनातून सेफ मोडची (कमीत कमी ड्रायव्हरांसह सुरू होण्याची) निवड करावी, संगणक पुन्हा सुरू होत असतानाच बायोसमध्ये बदल करावा, सेफ मोडमध्ये एकदा प्रवेश करून ती निवड काढून टाकावी, विंडोज लागणारा ड्रायव्हर त्या वेळी स्वतः जोडून घेते.

हे सर्व मूळ डिस्कवर करू नये, असा माझा आग्रह आहे. क्लोनझिलासारख्या विनामूल्य साधनाने नव्या एसएसडीवर हुबेहूब प्रत काढावी, सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत आणि मूळ एसएसडी काढून कपाटात ठेवावी. छपाईच्या व्यवसायात गेल्या दहा वर्षांच्या फायलींची किंमत एसएसडीच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक असते. मूळ डिस्क आणि तिची प्रत एकाच वेळी संगणकाला जोडून ठेवू नये, कारण दोन्हींची ओळख सारखीच असल्याने विंडोजचा गोंधळ उडतो.

दुसरी गोष्ट परवान्याची. विंडोज १० चा डिजिटल परवाना प्रामुख्याने मदरबोर्डावरून संगणक ओळखतो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला, म्हणजे रिटेल परवाना, दुसऱ्या संगणकावर नेता येतो. संगणकासोबत आलेला ओईएम परवाना मात्र त्या मूळ बोर्डापुरताच असतो. बोर्ड सदोष निघाल्यामुळे उत्पादकाने वॉरंटीत तसाच किंवा समतुल्य बोर्ड बसवला, तर अपवाद केला जातो, पण आपण करत आहात तो बदल त्यात बसत नाही. २०१५-१६ मधील मोफत योजनेत विंडोज ७ वरून विंडोज १० वर आला असाल, तर मूळ विंडोज ७ कोणत्या प्रकारचे होते, तेच येथे लागू होते. ‘एसएलएमजीआर’ या आज्ञेने परवान्याचा प्रकार दिसतो खरा, परंतु मोफत योजनेतील संगणकांवर तेथे ‘रिटेल’ असे दिसते, आणि त्यावरून अनेकांची समजूत चुकते. त्यामुळे जुने बिल किंवा मूळ खोके शोधणे अधिक भरवशाचे आहे. परवाना रिटेल असेल तर बोर्ड काढण्यापूर्वी विंडोजला मायक्रोसॉफ्ट खाते जोडावे आणि ‘ॲक्टिव्हेशन’च्या पानावर परवाना खात्याशी जोडला गेल्याचे वाक्य दिसते ना, ते पाहावे. नव्या बोर्डावर त्याच पानावरील ट्रबलशूटर चालवून ‘नुकतेच हार्डवेअर बदलले आहे’ हा पर्याय निवडता येतो. परवाना ओईएम निघाला, तर नवा परवाना विकत घेणे हाच सरळ मार्ग आहे. काहीशे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’ कोणाच्या तरी सामूहिक परवान्यातून आलेल्या असू शकतात. व्यवसायाच्या संगणकात त्या वापरू नयेत.

टॅलीचा परवानाही संगणकाशी बांधलेला असतो. तो जुन्या बोर्डावरून ‘सरेंडर’ करावा आणि नव्या बोर्डावर पुन्हा सक्रिय करावा. डीटीपीच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी संगणकाच्या मागे लावण्याचे हार्डवेअर लॉक (सॉफ्टवेअर चालण्यासाठी लागणारी छोटी जोडणी) असेल, तर ते यूएसबीचे आहे की जुन्या प्रिंटरच्या समांतर पोर्टाचे, ते पाहून मगच बोर्ड निवडावा. समांतर पोर्ट आता बोर्डाच्या मागच्या बाजूस सहसा नसतो. काही बोर्डांवर आत त्याच्या पिना असतात व त्यांना वेगळी पट्टी जोडावी लागते. यूएसबीचे रूपांतरक प्रिंटरसाठी चालतात, अशा लॉकसाठी बहुधा चालत नाहीत.

बोर्ड बदलण्यापूर्वी नव्या बोर्डाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून चिपसेट आणि लॅन (नेटवर्क जोडणी) यांचे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावेत. लॅनचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नसला, तर इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, अशी अडचण होते. पहिल्यांदा सुरू होताना उपकरणांची तयारी चालू असल्याचा संदेश येईल आणि संगणक एकदोनदा स्वतःहून पुन्हा सुरू होईल. त्या वेळी बटण दाबून तो बंद करू नये. जुना डीडीआर३ रॅम नव्या बोर्डात बसणार नाही, हे आपल्या अंदाजपत्रकात धरलेले असेलच.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. नवा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसतो, यूईएफआयचे रूपांतर त्यासाठीही लागतेच, आणि त्याच जागी केलेल्या अद्ययावतीकरणात सॉफ्टवेअर कायम राहतात. परंतु बोर्ड आणि विंडोज दोन्ही एकाच दिवशी बदलू नयेत, म्हणजे काही बिघडलेच तर कारण शोधता येते.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड सेवा केंद्राने बदलून दिला. आता सुरू करताच निळ्या पडद्यावर ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागितली जाते. मी कधीही कुलूप लावलेले नाही. (पणजी येथील वाचक)

उत्तर : विंडोजमधील बिटलॉकरचे कूटबद्धीकरण (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणे) अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच आपोआप सुरू होते. ते उघडण्याची किल्ली बोर्डावरील टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये असते. ती चिप जुन्या बोर्डाबरोबर गेली. दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन रिकव्हरी कींची यादी उघडावी आणि पडद्यावर दिसणाऱ्या ओळख क्रमांकाशी जुळणारी की द्यावी. लॅपटॉप कार्यालयाने किंवा महाविद्यालयाने दिलेला असेल, तर ती त्यांच्या खात्यात असेल. की कोठेच सापडली नाही, तर सेवा केंद्र किंवा खुद्द मायक्रोसॉफ्टही डिस्क उघडून देऊ शकत नाही. प्रवेश मिळाल्यावर बिटलॉकर एकदा तात्पुरते थांबवून पुन्हा चालू करावे, म्हणजे किल्ली नव्या चिपशी बांधली जाते. विंडोजमध्ये प्रवेश करण्याचा पिन मात्र नव्याने तयार करावा लागेल.

प्रश्न : उबुंटू (लिनक्स) असलेली डिस्क इंटेलच्या बोर्डावरून एएमडी रायझनच्या बोर्डावर न्यायची आहे. एनव्हिडियाचे जुने ग्राफिक्स कार्ड तेच राहील. काही तयारी हवी का? (बेंगळुरू येथील वाचक)

उत्तर : फारशी नाही. उबुंटूच्या कर्नलसोबत (प्रणालीच्या गाभ्यासोबत) बहुतेक ड्रायव्हर असतात आणि डिस्कचे विभाग यूयूआयडी या स्वतंत्र ओळख क्रमांकाने ओळखले जातात, त्यामुळे कंट्रोलर बदलल्याने बिघडत नाही. बूट होण्याची नोंद जुन्या बोर्डाच्या स्मृतीत राहिलेली असते. नव्या बोर्डाला डिस्क आपणहून सापडली नाही, तर लाइव्ह (ज्यावरून उबुंटू थेट चालते अशा) पेन ड्राइव्हवरून ती नोंद पुन्हा करावी. लॅन कार्डाचे नाव बदलू शकते, म्हणून स्थिर आयपी दिला असल्यास नेटवर्कची जुळणी ठेवणारी नेटप्लॅनची फाइल तपासावी. सिक्युअर बूट (सही असलेलेच प्रोग्राम सुरू होऊ देणारी सोय) चालू ठेवणार असाल, तर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर सही करणारी आपली किल्लीही जुन्या बोर्डावरच नोंदलेली आहे. ती ‘मोकयुटिल’ या आज्ञेने नव्या बोर्डावर नोंदवेपर्यंत ड्रायव्हर चढणार नाही आणि पडदा कमी रिझोल्यूशनवर दिसेल.