सेल बदलूनही रिमोटने गाडी लॉक होत नाही. रिमोटच नवीन घ्यावा का?

नका घेऊ. रिमोटचं बटण दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकतात का, तेवढं आधी बघा. लुकलुकत असतील तर रिमोट ठणठणीत आहे, दोष बहुधा दारात आहे. हे मी साडेतीन हजार घालवून शिकलोय.

माझ्या जुन्या गाडीला सेंट्रल लॉक बाहेरून बसवलेलं. एका पावसाळ्यात ड्रायव्हरचं दार रुसलं. बाकीची तीन दारं खट्कन लॉक, हे मात्र ढिम्म. साडू म्हणाले, "रिमोट गेलाय, अख्खं किट बदला." तीन दारं ज्या रिमोटने लागतात तो गेलेला कसा, हे विचारायची सोय नव्हती, कारण साडूंची स्वतःची गाडी नवी. ॲक्सेसरीवाल्याने रिमोटचा हुकूम घेणारा लॉकचा डबा बदलला, दोन रिमोट दिले, त्या दाराची मोटरही बदलली. दाराकडे जाणारी वायर मात्र तीच ठेवली. आठ दिवसांत दार पुन्हा ढिम्म.

मग एका रविवारी दार अर्धवट उघडं असताना चुकून बटण दाबलं गेलं, आणि खट्! दार बंद केलं, की काही नाही. पुन्हा उघडलं, खट्. दार आणि खांब यांच्यामध्ये रबरी नळी असते ना, ती मागे सरकवली. आतली निळी वायर वरून धडधाकट दिसत होती, पण ओढल्यावर च्युइंगमसारखी ताणली गेली. आतलं तांबं तुटलेलं. दिवसातून वीस वेळा दार उघडतं-मिटतं, वायर तिथेच दुमडते. ड्रायव्हरच्या दाराचीच आधी जाते ती यामुळे. वीतभर नवी वायर, दोन ठिकाणी डाख, वर स्लीव्ह. खर्च चहासकट पन्नास रुपये.

तुमचे इंडिकेटरच लागत नसतील तर गोष्ट वेगळी. सेल 2032 ऐवजी 2025 तर नाही ना बसवलात? दोन्ही 20 मिलिमीटर रुंद, पण एक 3.2 जाड, दुसरा 2.5. पातळ सेल पत्रीला नीट टेकत नाही. नंतर फ्यूज बघा. आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून "लाइट दिसत नाही, मेला" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ती युक्ती टीव्हीच्या रिमोटची. गाडीचा रिमोट रेडिओ लहरींवर चालतो, आपल्याकडे बहुधा 433 मेगाहर्ट्झवर. कॅमेऱ्याला त्यातलं काय दिसणार?

हो, एक राहिलं: गाडी वॉरंटीत असेल तर वायरीला हात लावू नका. आणि कंपनीने बसवलेल्या लॉकमध्ये एखादं दार किंवा डिकी नीट लागली नसली तरी बऱ्याच गाड्यांत लॉक पडत नाही, तेव्हा अर्ध्या उघड्या दाराची माझी परीक्षा तिथे चालणार नाही.

जुनं किट माळ्यावर आहे, चालू स्थितीत. तुमच्या गाडीला बसवू का, असं साडूंना दिवाळीत दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी फराळाचा विषय काढला.