कडबाकुट्टीच्या फ्रेमला वेल्डिंग करताना मोटर काढावी लागते का?

मोटर बसते ती प्लेट फ्रेमपासून तडकलीय आणि वेल्डर म्हणतो, "स्विच बंद करा, मोटर राहू द्या," असं तुम्ही लिहिलंय. माझं मत: काढाच. चार बोल्टांचं तर काम आहे.

स्विच बंद असला तरी वेल्डिंगचा करंट लोखंडातूनच परत जाणार. 10 गेजचा (3.15 मिमी) रॉड साधारण 100 ते 130 अँपिअर ओढतो. हा करंट कुठून जाईल ते वेल्डिंग मशीनच्या अर्थच्या क्लॅम्पवर ठरतं. वेल्डरला चकचकीत लोखंड दिसलं की हात तिकडेच जातो. क्लॅम्प कुट्टीच्या चाकाला लावला, तर करंट कुट्टीच्या शाफ्टच्या बेअरिंगमधून जातो. मोटरच्या पुलीला लावला, तर मोटरच्या बेअरिंगमधून. थांबलेल्या बेअरिंगमध्ये गोळी रेसला (ती ज्या कड्यात फिरते त्याला) जेमतेम टेकलेली असते. तिथे ठिणगी उडून बारीक खड्डा पडतो. त्या दिवशी काहीच कळत नाही. खरखर नंतर सुरू होते आणि दोष मात्र "डुप्लिकेट बेअरिंग"वर जातो!

म्हणून क्लॅम्प जोडापासून वीतभर अंतरावर, त्याच प्लेटवर, रंग-गंज घासून पांढऱ्या केलेल्या जागी लावा. जोड आणि क्लॅम्प यांच्यामध्ये बेअरिंग नको, नट-बोल्टही नको.

मोटर काढायचं दुसरं कारण म्हणजे प्लेट तापून वाकते. आधी टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा, मग इंच-इंच आलटून पालटून भरा. गार झाल्यावर सरळ पट्टी लावून बघा. वाकडी राहिली तर बोल्ट आवळताना मोटरचा बिडाचा पाय तडकतो, नाहीतर पट्टा सारखा उतरतो.

मोटर निघतच नसेल, तर कुट्टीच्या मोटरचा प्लग सॉकेटमधून उपसा. क्लॅम्प ढिला असला की करंट कुट्टीच्या अर्थिंगच्या वायरीतून वाट काढतो आणि ती बारीक वायर जळते. थ्री फेज असेल तर वायरी खुणा करून, अर्थसकट सोडवा. मोटरवर पत्रा आडवा धरा. ओलं गोणपाट नको, पाणी आत झिरपतं. ग्राइंडरचा झोत मोटरकडे नको. जाळीच्या उघड्या मोटरीत लोखंडाचा भुगा वाइंडिंगवर बसतो. कडबा 35 फूट लांब हलवा आणि काम झाल्यावर तासभर लक्ष ठेवा.

वायरी, विशेषतः अर्थिंग, परत जोडल्यावर आधी पट्टा न चढवता मोटर चालवा. थ्री फेज मोटर उलटी फिरली तर दोन फेजच्या वायरी आपसांत बदला, मगच पट्टा.