होमबिल्ट (स्वतः बांधलेल्या) विमानाच्या पंखातल्या वायरी कशा फिक्स करायच्या?

तुम्ही विचारलंय की पंखाची कातडी (बाहेरचा पत्रा) बंद करायच्या आधी नेव्ह लाइट (पंखाच्या टोकाचा दिशादर्शक दिवा), स्ट्रोब (लखलखणारा दिवा) आणि पिटो हीटच्या (वेग मोजणाऱ्या नळीच्या हीटरच्या) वायरी आत कशा पकडायच्या, नुसते झिपटाय (प्लॅस्टिकचे बंद) चालतील का. नुसते झिपटाय नको. खरा शत्रू व्हायब्रेशन आहे, रिबच्या (पंखातल्या आडव्या फासळीच्या) अॅल्युमिनियमच्या भोकाची कडा वायरचं इन्सुलेशन हळूहळू खात जाते आणि ते बाहेरून कधीच दिसत नाही, म्हणून प्रत्येक भोकात ग्रोमेट किंवा स्नॅप बुशिंग (भोकाची कडा झाकणारी रबराची किंवा प्लॅस्टिकची कडी) हवंच. सगळ्यात सोपं म्हणजे रिबमधून कॉरुगेटेड प्लॅस्टिकची नळी टाका, सगळ्या वायरी त्यातूनच न्या आणि आत एक जादा दोरी सोडून ठेवा, उद्या नवीन लाइट लावायचा झाला तर पंख फाडावा लागणार नाही.

जिथे नळी नाही तिथे अॅडेल क्लॅम्प, म्हणजे आतून रबर लावलेले धातूचे क्लॅम्प. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या) एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शक पुस्तिकेत दोन आधारांत जास्तीत जास्त २४ इंच अंतर सांगितलंय, आणि हाताने हलकं दाबल्यावर वायर साधारण अर्ध्या इंचापेक्षा जास्त झुकू नये. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी झडप) हलवणाऱ्या पुशरॉड किंवा केबलपासून मात्र लांबच ठेवा, केबलपासून ३ इंच, आणि स्टिक (पायलटचा कंट्रोल दांडा) पूर्ण दोन्हीकडे फिरवून आत टॉर्च मारून बघाच, कारण सुटलेली वायर तिथे अडकली तर कंट्रोल जॅम होतो.

सिलिकॉनने चिकटवणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातल्या अॅसिडने धातू गंजतो, न्यूट्रल क्युअर (सुकताना अॅसिड न सोडणारं) घ्या. वायर टेफझेल इन्सुलेशनची घ्या, पीव्हीसीची नको.