काटा सोडून पळू नकोस

प्रिय मुला,

सप्रेम सलाम.

शहाद्याच्या जिनिंग कारखान्यातली वजनकाट्यावरची नोकरी सोडून, सेमिनरीत पाळकाचे शिक्षण घेऊन चर्चच्या पूर्णवेळ सेवेत उतरावे, असे तू लिहितोस, कारण कापूस तोलण्यात देवाची सेवा कसली, असा प्रश्न तुला पडला आहे. मालक क्विंटलमागे दोन किलो कमी लिहायला सांगतो, हे मात्र तू एका ओळीत उरकलेस. माझ्या दृष्टीने तुझे खरे पत्र ती एकच ओळ आहे.

बाप्तिस्मा घ्यायला आलेल्या जकातदारांनी ‘आम्ही काय करावे’ असे विचारले, तेव्हा योहानाने त्यांना जकातनाका सोडायला सांगितले नाही. ठरवून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले (लूक 3:13). जकातदार मत्तयाने नाका सोडला, हे मला ठाऊक आहे. पण त्याला प्रभूने समोर उभे राहून बोलावले होते, मालकाला ‘नाही’ म्हणणे टाळण्यासाठी तो उठला नव्हता. तू कशासाठी उठतो आहेस? आधी काटा, मग सेमिनरी.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात आहे, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी खरे तराजू व खरी वजने ठेवण्याची आज्ञा आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा जो पावरा शेतकरी टेम्पोच्या भाड्याला उसने पैसे काढून तुमच्या फाटकाशी येतो, तो तुझा शेजारी आहे, आणि ते दोन किलो त्याचे आहेत. ओलाव्याचेही तसेच. सरकारी खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव आणि त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात, हा नियम उघड आहे. तुमच्याकडे कापूस मुठीत दाबून ‘ओला आहे’ म्हणत जी कपात होते, ती कोणत्या नियमाने होते, हे तू कधी विचारलेस का? जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे पौलाने पाळकांना उद्देशून नव्हे, तर दासांना उद्देशून लिहिले आहे (कलस्सै 3:23). म्हणून पुन्हा सांगतो, आधी काटा.

नोकरीत असताना खोट्या वजनाच्या कागदावर मी सही केली नाही. त्यामुळे बढती लांबली, बदल्या होत राहिल्या, आणि मुलीला धुळ्याच्या कॉलेजात ठेवणे परवडले नाही. त्याची खंत मला आजही आहे. हा माणूस हट्टी आहे, घरच्यांचा विचार करत नाही, असे मंडळीतलेच काही जण म्हणत. घरच्यांचा विचार मी केला होता, आणि म्हणूनच सही केली नाही. आजही कोणी तो कागद पुढे केला तर करणार नाही.

सोमवारी मालकाला एकट्याला गाठ आणि अदबीने सांग की, काटा दाखवील तेच वजन मी लिहीन. दुसरे कोणतेही काम द्या, हमालीसुद्धा करीन. राजीनामा देऊ नकोस. काढायचे असेल तर त्याने काढावे. तसे झाले तर सरळ माझ्याकडे ये, तुझ्या खाण्याराहण्याची सोय आमच्या घरी आहे.

आणखी एक. तुमच्या स्वतःच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी बाजाराच्या दिवसापर्यंत अडकून राहते, असे मी ऐकतो. मजुराची मजुरी सकाळपर्यंतही आपल्याजवळ ठेवू नये, हे त्याच 19 व्या अध्यायात आहे. वडिलांशी तू बोल. त्यांनी ऐकले नाही तर मी येतो.

सेमिनरीचा अर्ज हंगाम संपेपर्यंत भरू नकोस. पाळकसाहेबांच्या शिफारसपत्राचे त्यानंतर पाहू.

तुझा,
काका