मॅजिक सिस्टिमला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे की फँटसी कादंबरी लिहितोय, मॅजिक सिस्टिमला (म्हणजे कादंबरीतल्या जगात जादू कशी चालते, त्या चौकटीला) "जादूप्रणाली" चालेल का, आणि "जादू" फारसी आहे तर त्याऐवजी एखादा शुद्ध शब्द सुचवा.

जादूप्रणाली नको हो, मलनिःसारण प्रणालीची धाकटी बहीण वाटते. आपल्याआपल्यात बोलताना "जादूचे नियम" म्हटलं की भागतं. आणि कादंबरीतली माणसं सिस्टिम वगैरे म्हणणारच नाहीत, ती म्हणतील "विद्या". विद्या शिकता येते, चोरता येते, गुरू थोडी हातची राखून ठेवतो, आणि शाप असला तर ऐन वेळी आठवत नाही, कर्णाचं झालं तसं. अर्धे नियम त्या एका शब्दातच आले की.

फारसीचं म्हणाल तर जादू आली तिकडूनच, पण तिचं नातं अवेस्तातल्या, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथातल्या "यातु"शी, आणि तोच यातु आपल्या वेदांतही आहे, ऋग्वेदातले यातुधान म्हणजे असले उद्योग करणारे दुष्ट. तेव्हा परकी म्हणून हाकलू नका बिचारीला.

माझं म्हणणं असं की नुसतं नाम शोधत बसू नका, त्याला क्रियापद कुठलं लागतं ते बघा. जादू नुसती करता येते, करणी मात्र कुणावर तरीच करावी लागते, मूठ मारतात, मंत्र फुंकतात, वारं अंगात येतं (म्हणजे तिथे माणसाच्या हातात काही नाहीच) आणि सिद्धी मिळवावी लागते. ती कशी मिळते याची यादी तर योगसूत्रांच्या चौथ्या पादात पहिल्याच सूत्रात आहे, जन्म, औषधी, मंत्र, तप, समाधी. पाच वाटा, पाच घराणी काढा आणि लावून द्या भांडणं!

करणी आणि अथर्ववेदातली कृत्या, दोन्ही "कृ" धातूच्या. कृत्या जिने-ज्याने केली त्याच्यावरच परत पाठवायची सूक्तं तिथे आहेत, आणि आपण अजूनही म्हणतो करणी उलटली. फक्त एक, करणीच्या संशयावरून आपल्याकडे खरोखरची माणसं मारली गेलीत, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही आला, म्हणून गावाबाहेरची एकटी म्हातारी हीच चेटकीण असला प्रकार कृपया टाळा.

मला विचाराल तर सगळ्यात भारी शब्द दृष्ट. ती कुणी करत नाही, लागते, आणि मग काढावी लागते. आमची आजी मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन ओवाळायची आणि चुलीत टाकायची, मिरच्यांचा ठसका लागला तर काही नाही, पण मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर "बघ, केवढी दृष्ट होती". सामान, कृती, पुरावा, सगळं दोन मिनिटांत, आणि आम्हा पोरांना कुणी नियम समजावून सांगितले नव्हते. कादंबरीतही असंच दाखवा ना, पहिल्या प्रकरणात चार पानं नियमावली कशाला.

"गारूड" चालेल का असंही विचारलंय. गारुड म्हणजे मुळात सापाचं विष उतरवायचा मंत्र, गरुडावरून आलेला, गारुडी त्यातूनच. आता मात्र आवाजाचं गारूड, लेखणीचं गारूड करून करून पार गुळगुळीत झालाय, वापरायचाच तर सापासकट वापरा.