रजिस्टर भरलेलं, बाकं रिकामी

प्रश्न : जगात साडेआठ कोटी अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले ख्रिस्ती) आहेत म्हणतात, आणि इंग्लंडमधली चर्चेस ओस पडलीत असंही ऐकतो. खरं काय? आमच्या मंडळीतही रजिस्टरवर नावं वाढतायत, रविवारी माणसं मात्र कमी. वाढ मोजायची कशी? (एक वाचक, सदर, नागपूर)

उत्तर : दोन्ही खरं. साडेआठ कोटींत इंग्लंडचे सुमारे अडीच कोटी धरतात, ते बाप्तिस्मा झालेले म्हणून. लग्नानंतर चर्चची पायरी न चढलेलेही त्यात आले. आठवड्याची सरासरी उपस्थिती २०१९ साली साडेआठ लाखांच्या आसपास होती. बेरीज वाढवणारी एक गोष्ट तर नागपुरातच घडली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी इथे सहा चर्च-संघटना एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. ते अँग्लिकन कम्युनियनचं, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चेसच्या संघाचं, सभासद असल्याने मुळची बाप्टिस्ट, ब्रेदरन अशा इतर प्रोटेस्टंट पंथांची घराणीही त्या आकड्यात मोजली जातात.

तुम्ही दोन वह्या ठेवा. पहिली सभासदांची : मागची नावं, अधिक बाप्तिस्मे आणि दुसऱ्या मंडळीतून बदलीपत्र घेऊन आलेले, उणे मृत्यू आणि पत्र घेऊन गेलेले. गोची या शेवटच्या रकान्यात होते. पोरगा नोकरीला पुण्याला गेला की पत्र कोण मागतो? तो दोन्ही मंडळ्यांत मोजला जातो. दफनाचं रजिस्टर वेगळं, त्यामुळे गेलेल्यांचीही नावं तशीच राहतात. इंग्लंडमध्ये इलेक्टोरल रोल (चर्चच्या मतदारांची यादी) दर सहा वर्षांनी कोरा करतात, प्रत्येकाने नाव नव्याने द्यायचं. त्या वर्षी आकडा धाडकन पडतो, पण ती घट सहा वर्षांची साचलेली असते. म्हणून कोऱ्या रोलच्या वर्षांचीच, म्हणजे २०१९ ची तुलना २०१३ शी करावी, २०१८ शी नाही.

दुसरी वही डोक्यांची. तिकडे ऑक्टोबरचे आठवडे मोजतात. आपल्याकडे तेव्हा दसरा-दिवाळीच्या सुट्या, मे महिन्यात ऊन. ऑगस्टचे पहिले चार रविवार बरे. दरवर्षी तेच धरा. प्रवचन सुरू झाल्यावर दोघांनी वेगवेगळं मोजावं. तोवर उशिरा येणारे आलेले असतात. संडे स्कूलला गेलेली मुलं मिळवा. दोन उपासना असतील तर दोन्हीकडे बसणारे एकदाच धरा. समजा १४२, १३८, २१०, १४६ आले, तिसऱ्या रविवारी बाप्तिस्म्याचे पाहुणे होते. सरासरी १५९ येते, ती फसवी. आकडे चढत्या क्रमाने लावून मधल्या दोघांची (१४२, १४६) सरासरी १४४, ती खरी. नाताळ-ईस्टरला स्वतंत्र रकाना.

तीन वर्षांच्या आत निष्कर्ष काढू नका. आणि आफ्रिकेतल्या अँग्लिकनांच्या वाढीचे आकडे वाचाल तेव्हा त्या देशाची लोकसंख्या त्याच काळात किती टक्क्यांनी वाढली, तेही शेजारी लिहा.