मास्तरांना विचारा : अंपायरचा 'न' कुठे गेला?

प्रश्न : सर, आमच्या टेनिस बॉलच्या मॅचला सगळी पोरं 'ओ एम्पायर, नीट बघा की' असंच ओरडतात. मित्र म्हणतो, मूळ शब्द तोच. मैदानावर ज्याचं साम्राज्य तो एम्पायर. खरं का?
– बारावीचा विद्यार्थी, जिंतूर

उत्तर : मित्राला सांग, सुचलं झकास, पण खोटं आहे. एम्पायर आला लॅटिन 'इंपेरियम'वरून, म्हणजे हुकूम चालवायचा अधिकार. अंपायरचं घराणंच वेगळं. जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपेर' म्हणजे जोडीत न बसणारा, विषम. दोघांची जुंपली की निवाड्याला बोलवायचा तो तिसरा. सुमारे ६०० वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो 'नूंपेर' होता. आता 'अ नूंपेर' असं भरभर म्हणून बघ. ऐकणाऱ्याला 'अन् ऊंपेर' ऐकू येतं! तसंच झालं, आणि 'न' आपलं घर सोडून शेजारी राहायला गेला.

एप्रनही आधी 'नेप्रन' होता, नॅपकिनचा भाऊबंद. घोणसाच्या कुळातला तिकडचा साप 'ॲडर', तो पूर्वीचा 'नॅडर'. उलटही घडलं : 'ईकनेम' म्हणजे जास्तीचं नाव, त्याला शेजारचा 'न' चिकटला आणि निकनेम झालं.

पुष्कळ जण ऑरेंजलाही याच रांगेत बसवतात. नारंगाचा 'न' गेला हे खरं, पण तो फ्रेंच-इटालियनच्या वाटेवरच, इंग्रजीत पोचण्याआधी. तेवढा आळ इंग्रजांवर नको. (आपल्या जालन्याची मोसंबी नावाने मोझांबिकची मानतात, ते पुन्हा कधीतरी.)

आपला पंच पाचावरून आला, म्हणजे तोही विषमच. योगायोग आहे, पण मला आवडतो.

प्रश्न : 'गूस'चं अनेकवचन 'गीस', मग 'मंगूस'चं 'मंगीस' का नाही? वर्गात पोरं ऐकेनात.
– शिक्षिका, गेवराई

उत्तर : कारण त्यात गूस नाहीच, बाई. आपलं मुंगूसच तिकडे गेलं. शेवटचा आवाज ओळखीचा वाटला म्हणून इंग्रजांनी स्पेलिंगात हंस घुसवला, इतकंच. अनेकवचन 'मंगूसेस'.

प्रश्न : रोमन शिपायांना पगार मिठात मिळायचा, म्हणून 'सॅलरी', हे बरोबर ना? सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात बोलायचं आहे.
– बँक कर्मचारी, लातूर

उत्तर : अर्धं बरोबर. लॅटिन 'सालारियुम'मध्ये 'साल' म्हणजे मीठ आहे. पण शिपायांना मीठ मोजून दिल्याचा त्या काळातला पुरावा सापडत नाही. पगार नाण्यांत व्हायचा. खाल्ल्या मिठाला जागायची भाषा आपल्या अंगवळणी पडलेली, म्हणून ही कथा आपल्याला चटकन पटते. भाषणात मीठ राहू द्या, शिपाई तेवढे काढा.